दाण्यांची झोळी

गल्लीत सगळे त्यांना शिंपीणमावशी म्हणत. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, पण एक चिंधी वाया घालवली नाही. नेमकी हीच खोड अंगाशी आली.

लेक बेकरीत कामाला जायची, तेव्हा तिचा तान्हा ढब्बू मावशींकडे असायचा. त्याला पाखरं दिसावीत म्हणून मावशींनी खिडकीसमोर गुळगुळीत लोखंडी खांबावर दाण्यांचं ताट बसवून घेतलं. चिमण्या अर्धं खायच्या, अर्धं सांडायच्या. त्या सांडलेल्यावर उंदीर आले. आणि उंदीर म्हटलं की मावशी थेट टेबलावर चढायच्या! साप परवडला, पण हा प्राणी नको.

"आई, मूठभरच घाल, तेही भिंतीपासून लांब. आणि अंधाराआधी झाडून घे," लेकीने बजावलं होतं.

पण हात आखडता घ्यायचा तर मावशींच्या जिवावर यायचं. पाखरं उपाशी राहिली म्हणजे? आणि सांडलेलं झाडून फेकायचं, तर वाया नाही का जाणार? मग त्यांनी आपली अक्कल पाजळली. जुन्या चादरीची झोळी शिवली. एक कड ताटाखाली, दुसरी खिडकीच्या गजांना नाड्यांनी बांधली. खाली एक दाणा पडेल तर शपथ! अंगण लख्ख. मावशी लेकीला म्हणाल्यासुद्धा, "बघ, तुझा झाडू वाचवला."

त्या दुपारी उकाड्यामुळे खिडकी उघडी होती. खिडकीखाली पाळण्यात ढब्बू झोपलेला, मावशी मशीनवर. झोळीत खसखस झाली. चिमणी असेल म्हणून त्यांनी मान वर केली आणि पाय मशीनवरच थिजले.

झोळीत एक गलेलठ्ठ उंदीर निवांत दाणे खात होता. भिंतीवरच्या पाइपने चढून आला होता मेला. त्याची शेपूट गजांतून आत आली होती, थेट ढब्बूच्या डोक्यावर.

ओरडावं तर तो उसळून आतच यायचा. मावशींनी कात्री उचलली. नाडी कापली की झोळी बाहेर पडेल, उंदरासकट. पण त्यासाठी हात त्याच्या तोंडाशी न्यावा लागणार होता! तरी त्यांनी एक नाडी कापली.

झोळी कलंडली, आणि उंदीर आतच उडाला. पाळण्याच्या काठावर आपटला, तिथून खाली आणि कपाटामागे. मावशींनी किंकाळी फोडून पोराला उचललं. त्याच्या हातापायांची बोटं पुन्हा पुन्हा चाचपली. चावा कुठेच नव्हता.

संध्याकाळी लेक घरी आली, तेव्हा मावशी पोराला कवटाळून शिलाईच्या टेबलावर बसल्या होत्या. लेकीने कपाट सरकवलं, काठीने कोपरा न् कोपरा ढोसला. उंदीर सापडला नाही.

सकाळी लेक चपला घालून निघाली. दाराशी पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या मावशींनी तिची ओढणी धरली.

"आज जाऊ नकोस गं."

"असं काय करतेस आई? बघते मी, पिंजरा आणते येताना."

"नुसत्या उंदराचं नाही," मावशी म्हणाल्या. "काल तो ह्याच्यावर उडाला ना, तेव्हा मी आधी मागे सरले. पोराला नंतर उचललं."

लेकीने दारातच चपला काढल्या. मग आत आली, आईच्या मांडीवरून पोराला घेतलं आणि दुसऱ्या हाताने आईचा हात धरून शेजारी बसली.