आप्पांच्या गाडीला आलेला आवाज

यंदा सुट्टीला बोरगावच्या स्टँडवर उतरलो आणि घरी न जाता आधी आप्पांच्या गॅरेजात गेलो. दर सुट्टीला असंच करतो. गॅरेज उघडं होतं, आप्पा बाजारात गेलेले... दारातल्या टायरवर बसलो.

आप्पा म्हणजे माझे उस्ताद. सातवीत शाळा सुटली ती थेट त्यांच्या हाताखाली. पुढं मी हुबळीला गेलो, मग गोव्यात, आता गुजरातेत ट्रकच्या वर्कशॉपात आहे. एका जागी बूड टिकत नाही माझं. पण जिथं गेलो तिथं पोट भरलं ते आप्पांनी शिकवलेल्या एका गोष्टीवर... ऐकण्यावर.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग आप्पा विचारणार, "काय म्हणतीया?" आपण काहीतरी ठोकून दिलं की त्यांचं ठरलेलं, "परत ऐक."

तर बसलोय आणि लांबून एक जुनी साडेतीनशे सीसीची मोटारसायकल येताना ऐकू आली. फायरिंग छान, पण मधे सारखी टक-टक... कॅमशाफ्टला आडवा प्ले आला की येते तशी. म्हणजे इंजिनातला तो दांडा जागच्या जागी फिरायचं सोडून आडवा सरकतो आणि कव्हरला आपटतो. मनात म्हटलं, आलं आप्पांचं गिऱ्हाईक.

कोपऱ्यावर वळली तर वर आप्पाच बसलेले. गाडी त्यांची स्वतःची.

रस्त्यानं जाणाऱ्या परक्या माणसाला हात करून थांबवणार आणि सांगणार, "चेन ढिली हाय तुझी, बघून घे." असा हा माणूस. त्याच्या गाडीला हा आवाज... मला कळेचना.

"आलास व्हय रं," आप्पा गरजेपेक्षा लई मोठ्यानं म्हणाले. तब्येत कशी आहे विचारलं, तर माझ्या ओठांकडं बघून हसले. "व्हय व्हय, जेवूनच जा."

ते हात धुवायला मागं गेल्यावर आक्का, म्हणजे त्यांची बायको, हळूच म्हणाली, "कान गेलं रं त्यांचं. मशीन आणलंय, पण घालत न्हाईत. गाडीचं कुणीच बोललं न्हाय. तूबी बोलू नको." लोक अजून गाड्या आणतात म्हणे. आप्पांकडून करून घेतात आणि गुपचूप निपाणीला नेऊन परत दाखवतात...

मी ठरवलं, गप्प बसायचं. चार दिवसांचा पाहुणा मी.

पण आप्पा आले ते स्क्रूड्रायव्हर घेऊनच. गाडी चालू केली आणि तो माझ्या हातात दिला. "बघू, गुजरातनं कान ठेवल्यात का खाल्ल्यात. काय म्हणतीया?"

मी ऐकलं. डोळे जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. 'ब्येस हाय' म्हणता आलं असतं... पण त्या जागेवर, त्या प्रश्नाला, ते माझ्या तोंडातून निघेना. हळूच म्हणालो, "कॅमला प्ले हाय, आप्पा."

"आं?"

हळू बोललं तर त्यांना पोचत नाही, ओरडून बोललं तर गल्ली ऐकणार. समोरचा चहावाला किटली धरून बघतच उभा. मग मी स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅमच्या कव्हरवर टेकवलं आणि मूठ त्यांच्या हातात देऊन माझ्या दातांवर बोट ठेवून दाखवलं. दातात धरलं की हाडातून कळतं. तेही त्यांनीच शिकवलेलं, गॅरेज गिरणीला लागून होतं आणि तिच्या आवाजात कानानं काही कळायचं नाही तेव्हा.

आप्पांनी दातात धरलं. डोळे मिटले. मग त्यांनी गाडी बंद केली.

"कवापास्नं?" विचारलं ते मला नाही, आक्काला. आक्का आत वळली.

तिथंच कव्हर खोललं. आप्पांनी कॅम बोटानं आत ढकलला, बाहेर ओढला. सरळ सरकत होता. मला म्हणाले, "बसव मापाला."

आक्कानं न सांगता कणकेची गोळी आणून दिली. आमच्या गॅरेजची ही जुनी रीत. गोळी कॅमवर ठेवायची, कव्हर आवळायचं, परत खोलायचं. कणीक जेवढी जाड उरली तेवढी फट. मी घाईत कव्हरखालचं पॅकिंग न घालताच कव्हर लावायला गेलो, तर हातावर आप्पांचा फटका बसला. पॅकिंगची जाडी धरली नाही तर माप चुकतं. कान गेले होते, बाकी आप्पा सगळेच्या सगळे तिथं होते.

मग तेवढ्या मापाचं पातळ वायसर, म्हणजे लोखंडी चकती, काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं आणि कॅममागं घातलं. फट पार मारायची नाही, नाहीतर कॅम धरतो, फिरतच नाही. आप्पा म्हणाले, "हलाय जागा पायजे रं त्याला. तुझ्यागत पळाय नको." आक्कासुद्धा हसली. तेवढा वेळ सगळं पहिल्यासारखं होतं...

गाडी चालू केली. आप्पांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला नाही, माझ्याकडं सरकवला. "काय म्हणतीया?"

मी अंगठा वर केला.

"परत ऐक."

परत ऐकलं. टक-टक खरंच गप झाली होती. डोळे उघडले तर आप्पा इंजिनाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक जण गाडी घेऊन आला. आप्पांनी हात लावला नाही. "निपाणीला ने. माझं कान गेल्यात," सरळ तोंडावर सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. आक्का माझ्यापुढं चहा ठेवून चुलीकडं वळली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

आता ते कुणाची गाडी घेत नाहीत. मी बरोबर केलं का, अजून कळत नाही... पण रविवारी आक्काच्या फोनवरून व्हिडिओ कॉल येतो. आप्पांना माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून ते काही विचारत नाहीत. गाडी चालू करतात आणि फोन इंजिनाजवळ धरतात.

मी इथं वर्कशॉपच्या मागं जाऊन, एक कान हातानं दाबून ऐकतो. मग परत ऐकतो. आणि मगच अंगठा वर करतो.