गच्चीवरचा शेवटचा नमुना

पावसाचं पाणी तपासायला धरणं म्हणजे अंगणात बादली ठेवणं नव्हे. पाऊस असो वा नसो, नरसाळं रोज सकाळी शुद्ध पाण्याने धुवायचं. आत बोट लावायचं नाही. कोरड्या वेळी झाकण बंद. पहिले थेंब पडले की उघडायचं. वारज्यातल्या आमच्या कचेरीच्या गच्चीवर हे काम सरांनी सुरू केलं आणि निवृत्त होताना माझ्याकडे दिलं. पाण्यात आम्ल किती, क्षार किती, हे वर्षानुवर्षं एकाच जागी मोजायचं. जागा बदलली की जुने आकडे नव्यांशी जुळत नाहीत.

समोरच्या शेतांत आयटीवाल्यांसाठी इमारती उठल्या. दिवाळीनंतर अगदी कुंपणाला लागून एक उभी राहणार होती. साहेब म्हणाले, "अहो, वाघोलीला हलवा. पाऊस तिकडेही पडतो म्हणे."

सर फोनवर म्हणाले, "हलवण्याआधी दोन्हीकडे एकाच पावसाचं पाणी धरा. तेवढा सांधा राहू दे."

पण वाघोलीची गच्ची मिळेपर्यंत पावसाळा सरत आला. आठवडे कोरडे गेले.

खंडेनवमीला आधी वारज्याचं नरसाळं धुतलं, मग वाघोलीला गेले. दुपारी साऱ्या शहरावर मनाजोगता पाऊस झाला. वारज्याहून सहकारी बाईंचा फोन आला, "झाकण वेळेवर उघडलंय हो!"

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सुट्टीत, मी वारज्याला नरसाळ्याखालची बाटली आणायला गेले. पाणी तांबूस होतं. स्टँडला झेंडूची माळ, नरसाळ्यात हळदकुंकू आणि अक्षता. दरवर्षी खंडेनवमीला उपकरणांच्या पूजेत कुंकू झाकणावर लागायचं. ही इथली शेवटची पूजा म्हणून झाकण काढून केली होती. बोट कोणी लावलं नव्हतं. सगळं वरून वाहिलं होतं.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं राबलं ते. जाताना कोरडंच कसं पाठवायचं?"

मी बाटलीला तसंच बूच लावून ठेवलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मिळाला?"

"वाघोलीचा मिळाला."

"आणि आपला?"

"त्यात कुंकू पडलं, सर."

"ओतून द्या. नरसाळं धुऊन ठेवा. दिवाळीला अवकाश आहे."

दिवाळीपर्यंत रोज धुतलं. पाऊस आला नाही.