सहा महिने सोडलेलं घर

भालकीतल्या आमच्या संस्थेत मी सगळ्याच कामांना जुंपलेली असते. पोरापोरींचे वर्ग, धड छप्पर नसलेल्यांना खोली बांधायला मदत, आणि आजाऱ्यांच्या घरी जाऊन गोळ्या घेतल्या का ते बघणं. एका मुलीच्या घरी ही तिन्ही कामं एकत्र आली, आणि नेमकी तिथंच मी कमी पडले.

एकोणीस वर्षांची ती पोरगी आमच्या रुग्णसेवेच्या वर्गात होती. दुसऱ्यांचा ताप मोजायला शिकता शिकता तिला स्वतःच्याच तापाची शंका आली. टीबी निघाला. घरी आईबाप, पूर्वीचे मेंढरंवाले, आता रोजानं ऊसतोडीला जाणारे. तिघं पत्र्याच्या खोपटात राहायचे. आतच चूल, खिडकी नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांइतकीच मोकळी हवा पाहिजे. म्हणून आम्ही बांधायच्या घरांच्या यादीत तिचं घर वर घेतलं. सिमेंट-सळई संस्थेची, राबणं घरच्यांचं. समोरासमोर दोन खिडक्या मी भांडून ठेवायला लावल्या. गवंडी माझ्या नावानं बोटं मोडत होता, पण खिडक्या झाल्या.

राहायला गेल्यावर अकराव्या दिवशी बाप त्याच खोलीत, छातीत कळ येऊन गेला.

पंचांग बघणारे अय्या म्हणाले, नक्षत्र वाईट आहे, सहा महिने घर सोडा. आमच्या भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. वाईट नक्षत्रावर माणूस गेला की घराला कुलूप लावायचं, नाहीतर त्या घरातून आणखी एक जातो. तेरावं झालं आणि मायलेकी परत खोपटात आल्या.

मी तणतणत गावात गेले. अंधश्रद्धेवर भाषण ठोकण्यात मी पटाईत. वर्गातल्या पोरी माझ्या माघारी माझी नक्कल करतात. मुलगी दारातच बसली होती.

"अक्का, तुमीच सांगा आईला," ती म्हणाली. "मी एकटी ऱ्हाते की त्या घरात. हितं जीव गुदमरायलाय माझा."

आई भांडी घासत होती. "नवरा गेला. आता हिलाबी घालवू व्हय?" मग तिनं माझ्याकडं बघितलं. "अक्का, तुमी शिकलेल्या. तुमचा सासरा गेला तवा तुमी घर सोडलंतं का न्हाई? खरं सांगा."

सोडलं होतं. तीन महिने. नवरा, दीर, मी, सगळे शिकलेले, पण नको म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती.

"सोडलं होतं," मी म्हणाले.

खोटं बोलायला जीभ वळली नाही आणि खरं पुरतं सांगितलं नाही. आम्ही गेलो होतो ते दिराच्या पक्क्या घरात. पंखा, खिडक्या, नळ, सगळं होतं तिथं. हे दुसरं वाक्य मी बोललेच नाही. लाज वाटली, दुसरं काय. मुलगी उठून आत गेली.

भाड्यानं खोली मिळते का ते मी तीन ठिकाणी विचारलं. टीबी म्हटल्यावर तिघांनीही दार ओढून घेतलं. पुढं पावसाळा लागला. दर आठवड्याला मी गोळ्या बघायला जायचे. जमिनीला ओल, आत धूर. गोळ्या ती नेमानं घ्यायची, पण अन्न जात नव्हतं. दर खेपेला वजन थोडं कमीच भरायचं. आई मात्र कुलपाची किल्ली कमरेला ठेवून महिने मोजत होती. शेवटी दम लागला म्हणून बिदरच्या दवाखान्यात नेलं. घर सोडून चौथा महिना चालू होता तेव्हा ती गेली.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. आईनं मला जवळ बसवून घेतलं, शेजारणीला चहा करायला सांगितलं. माफी कशी मागावी म्हणून मी मनात शब्द जुळवत होते. तेवढ्यात तिनंच माझा हात धरला.

"अक्का, तुमी त्या दिशी खरं सांगितलं ते लई बरं झालं. त्या घरात ऱ्हायलो असतो तर पोरगी म्हैन्यातच गेली असती. तुमच्यामुळं माझं लेकरू चार म्हैने जगलं."

चहा आला, तो प्यायले.