व्हायरल ताप, तीन दिवस विश्रांती

आमच्या दिनानाथ डॉक्टरांना कुणाला नाही म्हणता येत नाही. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना आहे आणि गेली एकोणीस वर्षं मी तिथे कंपाउंडर आहे, म्हणून हे मी बोलू शकते. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. देवमाणसानं कधीतरी वाईटपणाही घ्यायला हवा होता, असं मला आता वाटतं.

हरिचंद्र वांगणीचा. घरी थोडी भातशेती आणि नोकरी गारगोटीची पूड करणाऱ्या कारखान्यात. तो बसून उठला की बाकावर पांढरी खूण उरायची. मी पुसता पुसता त्याला बोलायचे, "आंघोळ करून येत जा की रे!" तो हसायचा आणि हसता हसता खोकायचा.

डॉक्टरांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. छाती तपासून ते म्हणाले, "ही धूळ आहे, हरिचंद्र. फोटो काढ. काम बदल."

"काम बदलून खाऊ काय? तुमी व्हायरल लिवा. धुलीचं नाव दिसलं का मुकादम गेटवरनंच परत धाडतो."

आमच्याकडे येणारे सगळेच कामगार असं सांगतात. आजारपणात खाडा झाला की कामावर परत घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि त्या चिठ्ठीत कामाचा दोष दिसून चालत नाही. डॉक्टर पेन हातात धरून नुसते बसायचे. मग लिहायचे: व्हायरल ताप, तीन दिवस विश्रांती. सहा वर्षांत अशा चौदा चिठ्ठ्या झाल्या. "मीनल, शिक्का," म्हणायचे, की मी मारायचे.

यंदा दिवाळीनंतर हरिचंद्राला दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढवेनात. मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढला. फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, आता बरं होणार नाही, असं सांगितलं. आजार कामामुळेच झाला हे ठरलं, तर त्याला भरपाई मिळणार होती. डॉक्टरांनी दोन पानी खरं पत्र लिहिलं आणि दवाखाना बंद ठेवून त्याच्यासोबत कारखान्यात गेले. तिथल्या साहेबानं पत्र वाचलंच नाही. फाइल उघडून चौदा चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. "अक्षर तुमचंच ना, डॉक्टर?"

परत आल्यावर डॉक्टरांनी माझ्यासमोर हरिचंद्राला हात जोडले. तो धापा टाकत म्हणाला, "तुमी नसती लिवली तर नोकरी तवाच गेली असती." मला रडू फुटलं. रागही आला, पण काढणार कुणावर? शिक्के माझ्याच हातचे.

मग साहेबानं दया दाखवली आणि हरिचंद्राच्या मुलीला, किर्तीला, पॅकिंगला घेतलं. परवा ती दवाखान्यात आली. तपासून घ्यायला उठली तेव्हा बाकावर तीच पांढरी खूण.

"सर, व्हायरल लिहा ना प्लीज. उद्या ड्युटी आहे."

या वेळी डॉक्टर पेन धरून बसले नाहीत. 'दगडाच्या धुळीमुळे खोकला, हे काम करू नये,' असं लिहून त्यांनी सही केली. मी शिक्का मारला. किर्तीनं उभ्याउभ्याच वाचलं आणि चिठ्ठी टेबलावर परत ठेवली.

"पप्पांचा ऑक्सिजन माझ्या पगारावर चालतो, सर," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात गेली. तिथे गर्दी नव्हती. दहा मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर आली.