बेल उचलल्यावर बंद झालेले मंगळवार

जिल्ह्याच्या दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्यानं विचारलं, दारू की तंबाखू? मी म्हटलं, मोबाइलवरचे पैसे लावून खेळायचे पत्ते. तो हसला आणि ‘दारू’ लिहून मोकळा झाला. माझ्या नवऱ्यानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. नेकनूरला त्याचं पाण्यातल्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. दोन वर्षांपासून मात्र हातात तार कमी आणि मोबाइल जास्त. त्या पहिल्या मंगळवारी तो मान खाली घालून दारूवाल्यांच्या रांगेत बसला आणि मला त्या लिहिणाऱ्याचा पेन हिसकावून घ्यावासा वाटला.

आतल्या डॉक्टर मॅडम शहाण्या निघाल्या. त्यांनी आधी कागदावरची दारू खोडली. हा आजार आहे म्हणाल्या, दर मंगळवारी दोघं या, त्यांना बटणांचा साधा मोबाइल द्या आणि बँकेचं सगळं तुम्ही बघा. निघताना मला एकटीला थांबवून घेतलं.

“त्यांना शपथ तेवढी घालू नका. मधेच पुन्हा खेळले, तर घरी येऊन सांगता आलं पाहिजे. तेच बंद झालं तर मी काही करू शकणार नाही.”

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दिवशी जेवताना तो आपणहून म्हणाला, दुकानात दुसऱ्याच्या मोबाइलवर खेळलो. मॅडमना ते ऐकून बरं वाटलं. सासूबाईंना नाही. खेळलाच ना पुन्हा, मग तो दवाखाना कशाचा, असं म्हणून त्यांनी पुढच्याच सोमवारी आम्हाला परळीला नेलं. वैजनाथापुढे त्यानं पुन्हा खेळणार नाही म्हणून शपथेचा बेल उचलला. सासूबाई म्हणाल्या, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बोल. आठ वर्षांच्या पोरीला पुढं ओढून त्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवला तो मी. सगळं सासूबाईंवर ढकलायला मला आवडलं असतं, पण तसं झालेलं नाही.

मग मंगळवार बंद झाले. बेल उचललाय, आता दवाखाना कशाला, असं घरात सगळे म्हणत, मीसुद्धा. तो गप्प गप्प राहू लागला. आम्हाला वाटलं, सुधारला.

अडीच महिन्यांनी लेकीला डेंग्यू झाला. गावातल्याच दवाखान्यात सलाइन लावलं. तीन दिवस बाप दाराशी उभा, खाटेजवळ यायला तयार नाही. चौथ्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. ताप उतरलाय, आता तरी लेकीजवळ बसा, असं मी जरा जोरातच बोलले.

“माझ्यामुळंच झालं हे,” तो म्हणाला. “रोज खेळतोय मी. लई दिवस झाले. शपथ तिच्यावर हाय ना.”

मला इतका राग आला की कुणावर काढावा ते कळेना. डास चावलाय तिला, तुमची शपथ नाही, असं मी चारदा सांगितलं. तो ऐकेना. अडीच महिने हा माणूस एकटाच हे पोटात घेऊन हिंडत होता, आणि त्याचं तोंड बंद केलं होतं आम्ही.

पोरं खेळताना शपथ घालतात आणि नको झाली की ‘सुटली म्हण, सुटली म्हण’ करत मागं लागतात. दुसरं काही सुचेना. मी त्याचा दंड धरून त्याला खाटेजवळ आणलं आणि पोरीला म्हटलं, पप्पाला सुटली म्हण.

“परळीची का? सुटली,” ती म्हणाली. मग बापाकडं बघून तिनं विचारलं, “मंग पप्पा, आता तुमी पुन्हा खेळनार?”

तो खाटेच्या कडेला टेकला.

“सांगता येत न्हाई, बाळा. पन खेळलो तर घरी येऊन सांगन.”

मॅडमनी माझ्याकडं पहिल्या मंगळवारी एवढंच मागितलं होतं.