सासऱ्यांना बांधावर नेलं तो शनिवार

माझे सासरे मला नावाने हाक मारत नाहीत. आमची मुलगी इथे आखातात, ऊद मेथाच्या शाळेत दहावीला आली, तरी त्यांच्या लेखी मी अजून ‘जावईबापू’च. रायगडकडच्या एका खाडीकाठच्या गावात ते राहतात. एसटीच्या डेपोत कारकून होते. निवृत्त झाल्यापासून भरती बघून गरी आणि दोरी घेऊन जेटीवर जाऊन बसायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. मी पुण्याचा, वरणभातावर वाढलेला. “तुम्हाला पापलेट आणि पापड दोन्ही सारखेच,” हे त्यांचं माझ्याबद्दलचं मत. पण तेही ‘तुम्ही’ म्हणूनच ऐकवायचे. जावयाला काम सांगायचं नाही, जावयासमोर पाय पसरून बसायचं नाही, दुखलंखुपलं तर मुलीला सांगायचं. मीही त्या अंतराला आदर समजत आलो. खरं तर मला ते सोयीचं होतं.

सासूबाई गेल्यावर बायकोने त्यांना थंडीपुरतं आमच्याकडे आणलं. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ते दिवसभर पार्किंगकडे बघत बसायचे. सुपरमार्केटमधले मासे त्यांना चालत नव्हते. “थर्माकोलात झोपलेत बिचारे, कशाला उठवायचं?” असं म्हणून चपाती-भाजी खायचे. एकदा मुलीने त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशात गोठलेल्या तलावाला भोक पाडून माणसं गळ टाकून बसली होती.

“आजोबा, लुक, दे आर फिशिंग थ्रू द आइस!”

“म्हणजे फ्रीजमध्येच गळ टाकायचा,” ते म्हणाले. पण तो व्हिडिओ त्यांनी पुन्हा लावायला सांगितला, आणि मग पुन्हा. तेव्हाच मी ठरवलं की ह्यांना कुठेतरी पाण्याकाठी न्यायचं.

ऑफिसमधल्या एकाने त्या बांधाबद्दल सांगितलं. डोंगरातलं पाणी अडवणारा तो बांध इथल्या सरकारी खात्याकडे आहे. एरवी फाटकाला कुलूप असतं. थंडीत शनिवार-रविवारी लोकांसाठी उघडतात, तेही सूर्य मावळेपर्यंत आणि एका काठापुरतंच. तिथे पांढरा रंग दिलेल्या दगडांची रांग आहे. दगडांच्या अलीकडे बसा, गळ टाका, चहा प्या. पलीकडे वादी, म्हणजे डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याचं कोरडं पात्र. तिथे पाऊल टाकायचं नाही. डोंगरात पाऊस झाला की फाटक बंद, मग कुणाचं काही ऐकत नाहीत.

निघताना बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं. कणकेचा गोळा डब्यात भरत हळूच म्हणाली, “बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे. ते स्वतःहून सांगणार नाहीत. तू तासातासाने विचारत जा.”

मी हो म्हटलं.

रस्ताभर विचारलं नाही. पोचल्यावरही नाही. संडासाची केबिन वर फाटकापाशी होती, चढावर, आणि तिच्यापुढे बायकामुलांची रांग. सासऱ्यांनी तिकडे एकदा पाहिलं, ते मला दिसलं. मी तेव्हा विचारायला हवं होतं. सासऱ्यांना ‘लघवीला जायचंय का’ असं विचारायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, “बाबा, चहा घेणार?” ते म्हणाले, “नको.” दिवसभर त्यांनी चहा घेतला नाही, पाण्याचा घोटही नाही. त्यावरूनही मला काही कळलं नाही, किंवा कळूनही मी ते बाजूला सारलं.

पण पाण्यापाशी ते खुलले होते, हेही खरं. चपला काठावर काढून ठेवल्या आणि घडीच्या स्टुलावर बसले. ड्रॅगन मार्टमधून मी आणलेली फिशिंग रॉड त्यांनी छत्रीसारखी उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. पिशवीतून स्वतःची दोरी काढली, कणकेची गोळी गरीला लावली आणि मनगटाच्या एका झटक्यात लांब फेकली. थोड्या वेळाने दोरीला ओढ लागली. तळहाताएवढा मासा निघाला.

“गोड्या पाण्यातला आहे, चव नसणार,” ते म्हणाले आणि तोंडभर हसले. “तुम्ही धरून बघा. चावत नाही, जावईबापू. मासा आहे, साहेब नव्हे.”

दुपार उतरल्यावर माझ्या साहेबाचाच फोन आला. “हबीबी, जस्ट टू मिनिट्स.” खाली गोंगाटात नीट ऐकू येईना म्हणून मी चढ चढून पार्किंगला गेलो. दोन मिनिटांचं बोलणं बरंच लांबलं. मी गाडीला टेकून कसल्या तरी टेंडरच्या तारखा समजावत होतो, आणि लक्षात आलं की माणसं चटया गुंडाळतायत. एक जीप लाऊडस्पीकरवर आधी अरबीत, मग इंग्रजीत काहीतरी सांगत काठाकाठाने चालली होती. फाटकावरचा पठाण हात हलवत येत होता.

“भाईसाब, ऊपर पहाड में बारिश हो गया. वादी में पानी आयेगा. यल्ला, गाडी निकालो, खलास.”

मी वर पाहिलं. आभाळ निळं स्वच्छ. मी म्हणालो, “बारिश किधर है, खाँसाब? धूप है.” मी पुण्याचा माणूस. धरणावर पाऊस आला की तो अंगावर येतो, माणसं कणसं खात भिजतात, एवढंच मला माहीत. ढग एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं.

“धूप इधर है,” तो म्हणाला. “पानी को धूप से क्या?”

मी खाली आलो. स्टूल होतं. डबा होता. दोरी दगडाला बांधलेली होती आणि तिचं टोक पाण्यात गेलं होतं. पाण्याला लागून चपला होत्या, पाण्याकडे तोंड केलेल्या.

सासरे नव्हते.

मी पाण्यात पाहिलं. पाणी हिरवट आणि संथ होतं, खालचं काही दिसत नव्हतं. मी “बाबा!” म्हणून ओरडलो. समोरच्या डोंगरावरून हाक परत आली. पुन्हा ओरडलो. शेजारी सामान आवरणाऱ्या एका मल्याळी माणसाने मान हलवली. त्याने कुणाला पाण्यात पडताना पाहिलं नव्हतं. पण तो पाण्याकडे बघतही नव्हता, मुलांना मोजे घालत होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. का उचलला कुणास ठाऊक.

“बाबा कसे आहेत?”

“मजेत. मासे पकडतायत,” मी म्हणालो.

“विचारलंस ना त्यांना?”

“हो हो. ठेवतो, आवाज तुटतोय.”

आवाज अजिबात तुटत नव्हता. तिच्या बापाच्या चपला माझ्या हातात होत्या आणि मी तिला हे सांगत होतो. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हाच तिला कळेल.

पठाण माझ्यामागोमाग खाली आला होता. माझ्या हातातल्या चपला बघून त्याचा चेहरा बदलला. “बुजुर्ग किधर है?”

“पता नहीं.”

तो पाण्याकडे नाही, जमिनीकडे बघायला लागला. काठाने थोडं पुढे गेला आणि वाकला. ओलसर वाळूत अनवाणी पावलं उठली होती. ती पाण्यापासून दूर, पांढऱ्या दगडांच्या रांगेकडे गेली होती आणि रांग ओलांडून वादीत उतरली होती.

मला एकदम हायसं वाटलं. बुडाले नाहीत, एवढंच डोक्यात आलं. पठाण मात्र पळायला लागला होता. पळतापळता त्याने वॉकीटॉकीवर कुणाला तरी काही सांगितलं, मग मागे वळून ओरडला, “तुम उधर से, मैं इधर से! जल्दी!”

वादीत गोटे पायाखाली सरकत होते. मी दोनदा पडलो. दर काही पावलांनी हाक मारत होतो. बाबा, बाबा, कुठे आहात? पात्र एका ठिकाणी वळतं, तिथे ट्रकाएवढे मोठे खडक आहेत. उत्तर येत नव्हतं. मध्येच थांबून कान दिले तेव्हा दुसराच एक आवाज आला. दूर कुठेतरी खडीचा डंपर रिकामा करावा तसा. पण तो थांबत नव्हता.

वळणापलीकडे मला आधी पँट दिसली. करड्या रंगाची, त्यांची एकुलती एक बाहेर जायची पँट, खडकावर पसरून वाळत घातलेली. मग खडकाआड ते दिसले. नुसता शर्ट, गुडघे पोटाशी, दोन्ही हातांनी शर्टाचं टोक खाली ओढून बसलेले. घोटा सुजला होता.

मी पुढे झालो, तसे ते कधी नव्हे त्या आवाजात ओरडले, “येऊ नका! मागे फिरा, जावईबापू. तोंड फिरवा.”

आणि मी तोंड फिरवलं.

ह्याच गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो आहे. पाणी येतंय हे मला माहीत होतं. तो आवाज माझ्या कानात होता. तरी सासऱ्यांनी सांगितलं म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिलो, जसा आमच्या घरी ते बाथरूममधून पंचा गुंडाळून बाहेर आले की मी टीव्हीकडे तोंड करतो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. थोडाच असेल. पण त्या वेळात मी एकच विचार करत होतो, की ह्यांना कसं वाटत असेल. हे मरतील, हा विचार मला आला नाही.

“बाबा, पाणी येतंय,” मी तसाच पाठमोरा म्हणालो.

“जरा वाळू दे. मग येतो.”

पलीकडच्या चढावरून पठाण उतरला. त्याने आम्हा दोघांना पाहिलं, एक बसलेला, एक पाठ करून उभा, आणि त्याच्या तोंडून शिवीच निघाली. “शरम बाद में, चाचा! शरम बाद में!” असं म्हणत त्याने सासऱ्यांच्या काखेत हात घातला. तेव्हा कुठे मी वळलो आणि दुसरी बाजू धरली. त्यांना उभं राहता येत नव्हतं. आम्ही त्यांना उचललं, ओढलं, काठाच्या चढावर अक्षरशः ढकललं. त्यांचा शर्ट वर सरकला होता आणि ते एका हाताने तो खाली खेचायचा प्रयत्न करत होते. “पँट, माझी पँट,” म्हणत होते. मी तिकडे पाहिलंही नाही.

आम्ही वर पोचलो आणि पाणी वळणावर आलं. आधी नुसती जीभ, फेस आणि काटक्या पुढे ढकलत येणारी, बोटभर खोल. मला वाटलं, एवढंच? मग तिच्यामागून बाकीचं आलं. तांबूस, दाट, गोटे एकमेकांवर आपटत. एक प्लास्टिकची खुर्ची, एक पूर्ण बाभळीचं झाड. तो खडक आधी कमरेपर्यंत गेला, मग दिसेनासा झाला. पँट केव्हा गेली ते दिसलंच नाही.

तिघेही नुसते धापा टाकत बसलो. पठाणाने खांद्यावरची चादर काढून सासऱ्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “सफेद पत्थर किस लिये लगाया है?” मी मान खाली घातली. सासरे म्हणाले, “इनकी गलती नहीं. हमको जाना पड़ा.” त्यांचं हिंदी ऐकून एरवी मला हसू येतं.

जीपने आम्हाला पार्किंगपर्यंत सोडलं. फाटक आमच्यासाठीच उघडं ठेवलं होतं. बाकीच्या गाड्या गेल्या होत्या. डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता, आणि सासरे दार धरून एका पायावर उभे. आत बसेनात.

“सीट खराब होईल. चादरीला माती आहे. आणि ती त्यांची परत द्यायची आहे.”

“होऊ दे खराब.”

“नको.” मग, माझ्याकडे न बघता, “मला तुमच्या हाका ऐकू येत होत्या.”

मी त्यांच्याकडे वळलो.

“पहिल्यापासून. केबिनपर्यंत जमलं नसतं. म्हटलं आडोशाला जाऊन येऊ. वाटेतच झालं, आणि त्यात पाय मुरगळला. ओ देणार होतो. पण तुम्ही आला असता.”

“यायलाच तर हाका मारत होतो, बाबा.”

“हो ना,” ते म्हणाले. “म्हणूनच.”

डिकीत माझी जिमची बॅग होती. तिच्यातली ट्रॅकपँट काढून मी त्यांना दिली. त्यांनी ती हातात घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं. पठाण लांब, फाटकापाशी उभा होता.

“तोंड फिरवा,” ते म्हणाले.

मी तोंड फिरवलं. पण ह्या वेळी त्यांचा दंड माझ्या हातात घट्ट धरला. ते एका पायावर डुलत होते. चादर सुटल्याचा आवाज आला, मग ट्रॅकपँट सळसळल्याचा. त्यांचा सगळा भार माझ्या हातावर येत होता आणि जात होता. दंड किती बारीक झाला होता, हे मला पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षांत नमस्काराला वाकताना पायांखेरीज मी त्यांना कधी हात लावलेला नव्हता.

“झालं. सोडा.”

मी सोडला नाही. तसंच धरून त्यांना सीटवर बसवलं, दुसऱ्या हाताने सुजलेला पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला. दंडात माझी बोटं अजून रुतलेली होती.

“अहो, सोडा की आता,” ते म्हणाले. “गाडी काय एका हाताने चालवणार?”