पडद्याच्या मोटारीचा भत्ता

वडील गेल्यावर आमच्याकडे जे उरलं त्यात एक मोटार होती. ते सिकंदराबादला वकिली करत. आईने तिथलं घर सोडलं, कपाटं-पलंग विकले, मोटार मात्र विकू दिली नाही. आम्ही दोघी त्या मोटारीतूनच बीडला काकांकडे राहायला आलो. वडिलांचा ड्रायव्हर मूळचा बीडचाच. बागवानांच्या मोहल्ल्यात त्याचे भाऊ फळं विकायचे, म्हणून तोही आनंदाने परत आला.

काकांना मोटार पहिल्या दिवसापासून डोळ्यांत सलत होती. गोठ्याशेजारी ती उभी असायची आणि जेवताना ते म्हणायचे, बैलाला काम नसलं तरी तो शेण तरी देतो. आई खाली मान घालून वाढत राही.

मी इंग्रजी शाळेत वाढलेली. मराठी घरात बोलण्यापुरती, उर्दू समजण्यापुरती. लिहिता येत होती ती फक्त इंग्रजी. तरी तालीमातीत, म्हणजे निजामाच्या शिक्षणखात्यात, मला जागा मिळाली. मुलींच्या शाळा तपासायला बाईच हवी होती आणि शिकलेली बाई जिल्ह्यात सहज सापडत नव्हती. या कामावर एक मोठ्या बाई आधीपासून होत्या. औरंगाबादच्या, विधवा, गोषा पाळणाऱ्या. त्यांच्या हाताखाली मला नेमलं.

काकांनी आधी नाहीच म्हटलं. शाळा लांबलांबच्या गावांत. बैलगाडीने जायचं म्हणजे वाटेत मुक्काम आला, आणि देशमुखाच्या घरची मुलगी परक्या गावात रात्र काढणार नाही. तेव्हा आईने मोटारीचं नाव काढलं. सकाळी निघालं तर दिवेलागणीला घरी. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग त्यांनी अट घातली. पेट्रोलच्या डब्यांचे पैसे सुरुवातीला ते देतील, पण मोटारीने आपलं पोट आपण भरायचं. सुगीपर्यंत तिचा खर्च खात्याकडून आला नाही, तर मोटार विकायची आणि नोकरीही तिथेच सोडायची.

म्हणून मी मोठ्या बाईंना पहिला प्रश्न विचारला तो शाळांचा नव्हता. स्वतःची मोटार कामाला लावली तर मैलाच्या भत्त्यात तिचा खर्च निघतो का, असं विचारलं. तेही धड उर्दूत जमलं नाही. त्या हसल्या, पण चांगलं हसल्या. त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं. भत्ता मैलावर मिळतो. त्यात पेट्रोल आलं, तेल आलं, टायर आलं, ड्रायव्हरचा पगारही आला. वेगळं काही मागायचं नाही आणि मिळतही नाही. रस्ता खराब असला तरी मैल तेवढेच. पण नीट चालवली तर गाडी स्वतःला सांभाळून घेते.

"तुझी उर्दू होईपर्यंत सफरखर्चाच्या कागदांचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू शाळा बघायला शीक."

मला फार हायसं वाटलं. वडील गेल्यापासून कोणी मोठ्या माणसाने माझं एखादं काम स्वतःकडे घेतलं नव्हतं.

त्यांच्या गोषासाठी आईने आणि मी जाड हिरव्या कापडाचे पडदे शिवले. मोटारीच्या चारी बाजूंनी ते सोडले की आत दुपारीसुद्धा संध्याकाळ व्हायची. खरं सांगायचं तर ते पडदे मलाही आवडायचे. कोणी आपल्याकडे बघितलं की मला हातांचं काय करावं ते कळत नाही. पडद्याच्या फटीतून मी सगळं बघू शकत होते: सिंदफणेच्या पात्रात कपडे वाळत घालणाऱ्या बायका, शिरूरच्या रस्त्याला काठीवर भांडी बांधून चाललेले कासार, मोटारीमागे धावून दमलेली कुत्री.

गावात मोटार शाळेपाशी थांबली की पंतोजींची बायको आणि आणखी कोणी एक बाई मोठी चादर धरून उभ्या राहायच्या. मोटारीच्या दारापासून शाळेच्या दारापर्यंत त्या चादरीच्या आडोशाने आम्ही आत जायचो. पुढे मोठ्या बाई, मागे मी. बुरखा सावरताना त्यांचे हात गुंतलेले असत, म्हणून त्यांचं पानदान मी घ्यायचे. गावातली माणसं अदबीने दूर उभी असत. त्यांना चादरीच्या खालून दोन जोड्या पाय दिसत असतील, एवढंच.

बाईंनी मला खूप शिकवलं. लाजणाऱ्या मुलीला वाचायला लावायचं तर तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या शेजारणीकडे बघायचं, हे त्यांच्याकडूनच कळलं. चकलांब्याला मुली घरून घोंगडीचे तुकडे आणून त्यावर बसायच्या. तिथली एक मुलगी आम्ही गेलो की पाटी तोंडापुढे धरायची. तिसऱ्या खेपेला तिने पाटी खाली ठेवली, तेव्हा बाईंनी मला कोपराने हळूच ढोसलं. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा आला, आणि काकांच्या घरात तो कोणी खाल्ला नाही तरी आईने आणि मी माजघरात बसून खाल्ला.

भत्ता मात्र येत नव्हता. मी विचारलं की बाई म्हणायच्या, औरंगाबादेहून यायला वेळ लागतो, सरकारचं कासव आहे. मध्ये पाडळशिंगीच्या पुढे काट्याने टायर फाटलं. ड्रायव्हर उकिडवा बसून ठिगळ लावत होता आणि मला पडद्याआडून ऐकू जाईल इतक्या आवाजात स्वतःशीच बोलत होता, "सरकार का मैल, हमारा रबर." बाईंना हसू आलं, मलाही. काकांना नवीन टायरचे पैसे द्यावे लागले तेव्हा ते हसले नाहीत. ज्वारी काढणीला आली होती.

आईने तगादा लावला तेव्हा मी धीर करून कचेरीत गेले. पेशकार, म्हणजे तिथले कारकून, ओसरीत बसले होते. माझ्यासाठी ड्रायव्हरने विचारलं, की बीबींच्या मोटारीचा भत्ता कधी येणार. पेशकारांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे न बघता ड्रायव्हरलाच सांगितलं, "त्या मोटारीचा भत्ता दर महिन्याला उचलला जातो. आता आणखी कोणता?"

माझी खात्री होती की त्यांचा काहीतरी घोटाळा झालाय. मोटारी जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतक्या असल्या तरी कचेरीत घोटाळे पुष्कळ होत. मी तशीच बाईंच्या घरी गेले आणि त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. उद्या औरंगाबादचे साहेब तपासणीला येणार आहेत, त्यांच्यासमोरच विचारून टाकू, असं त्या म्हणाल्या. मी निश्चिंत घरी आले आणि आईलाही तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्यामागे आम्ही दोघी बसलो. बाईंनी माझा हात आपल्या हातात घेतला होता. साहेब वयस्कर आणि सभ्य होते. माझं म्हणणं पेशकारांनी कागद वाचून दाखवावा तसं सांगितलं. साहेब म्हणाले, एका मोटारीचा भत्ता दोघींना देता येत नाही, तेव्हा मोटार कोणाच्या दिमतीला असते ते आधी ठरू दे. कोण कशाने आलं हे गावच्या पाटलाच्या तोंडून पक्कं करायचं, अशी तिथली रीत होती. चकलांब्याचे पाटील शाळेच्या छपरासाठी त्या दिवशी कचेरीतच आले होते. त्यांना बोलावलं.

"मोटार लई झकास हाय सायब," पाटील म्हणाले. "मोठ्या बाईसायबांची. आमी दर खेपेला बगतो की."

"आत आणखी कोणी असतं?"

"असती एक पोरगी. बाईसायबांचा पानाचा डबा धरती. कामाला ठिवली आसंल."

खोलीत कोणीतरी हसलं. पाटलांनी काही वाईट हेतूने सांगितलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. त्यांच्याबद्दल मला तेव्हाही राग आला नाही.

मी बाईंच्या बोलण्याची वाट बघत होते. त्यांनी माझा हात थोडा घट्ट धरला होता. साहेबांनी चिकाकडे तोंड करून विचारलं, मोटार आपल्याकडेच असते ना.

"जी," बाई म्हणाल्या. "माझ्याच दिमतीला असते."

माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळं इंग्रजीत आलं. वाक्य पूर्ण तयार होतं, आणि साहेबांना इंग्रजी येत होती. पण बाईंचा हात माझ्या हातावर होता आणि त्या इतक्या शांत बसल्या होत्या, की मला वाटलं, मलाच काही कळलेलं नाही, कायदा असाच असेल. कायदा खरंच तसा होता. वरिष्ठाच्या वाहनातून जाणाऱ्याला मैलाचा भत्ता मिळत नाही, त्याला फक्त जेवणाचे पैसे मिळतात. साहेबांनी मला ते सावकाश, दोनदा सांगितलं, लहान मुलीला सांगतात तसं.

बाहेर ड्रायव्हरने माझ्या चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं. बाई मोटारीत येऊन बसल्या. नेहमीप्रमाणे आम्ही त्यांना त्यांच्या घरी सोडलं. वाटेत त्या शिरूरच्या शाळेत शिवणकाम सुरू करण्याबद्दल बोलत होत्या.

काकांनी आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. दोन दिवसांत सरकी काढण्याच्या कारखान्याचा एक व्यापारी येऊन मोटार बघून गेला. त्याला मोटार स्वतः फिरायला नको होती. मागचा भाग कापून तो तिच्यातून रुईच्या गाठी नेणार होता. हे ऐकल्यावर आई उठून आत गेली. ड्रायव्हरला व्यापाऱ्याने ठेवून घेतलं, तेवढं एक बरं झालं.

मोटार जाण्याच्या आदल्या दिवशी मी बाईंकडे गेले. चालत गेले, डोक्यावरून पदर घेऊन. त्यांनी चहा मागवला. माझ्या नावाची चांगली शिफारस लिहिणार आहे, पुढच्या वर्षी पगार वाढेल, असं त्या सांगू लागल्या. मी पेल्याकडे बघत बसले होते. मग मी जे वाक्य रात्रभर उर्दूत जुळवलं होतं ते बोलले.

"ती मोटार माझ्या वडिलांची होती."

"मला ठाऊक आहे, बेटी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जराही बदलला नाही. "तुझ्या डोक्यावर काका आहेत. माझ्या डोक्यावर कोण आहे? दोन मुलींची लग्नं व्हायचीत. आणि तुला तर फिरायला मिळतंच ना. मी तुला कधी मागे ठेवलं का?"

तोवर मी समजत होते की त्यांचा घोटाळा झाला असेल, किंवा साहेबांसमोर त्यांना धीर झाला नसेल. रात्री अंथरुणावर त्यांच्या बाजूने मीच कितीतरी कारणं शोधली होती. त्या एका वाक्यानंतर माझ्याकडे एकही कारण उरलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून भत्त्याचा नियम समजावला, तेव्हाच त्यांनी तो स्वतःच्या मोटारीचा म्हणून समजावला होता.

मी पेला उचलून चहाचा घोट घेतला. त्यांना वाटलं असावं की मला पटलं. त्या म्हणाल्या, सोमवारी मोटार थोडी लवकर पाठव, ऊन चढायच्या आत चकलांब्याला पोचू.

मी सांगितलं की मोटार विकली. उद्या ती जाणार आहे, आणि माझी नोकरीही तिच्याबरोबरच संपली.

बाईंनी हातातलं पान तसंच तबकात ठेवलं. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे सरळ असं पहिल्यांदाच बघितलं, मुलींना वाचायला लावताना जसं कधी बघू नये म्हणून त्यांनीच मला शिकवलं होतं, तसं.

"मग मी कशाने जाऊ?" त्यांनी विचारलं.

बैलगाडी मिळेल, मी म्हटलं. वाटेत एक मुक्काम करावा लागेल.

त्यांनी विचार केला, आणि मुक्कामाला कोणाकडे उतरायचं याबद्दल त्या मलाच विचारू लागल्या. मला त्या वाटेवरची दोन घरं माहीत होती. मी त्यांची नावं सांगितली. मग चहा संपवला, आदाब केला आणि घरी आले.